साडेसात बोटांचं ताई ची

मला एकूण साडेसात बोटं आहेत. उजव्या हाताला पाच, डाव्याला अडीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक माझ्याशी पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात, पण नजर हळूच डाव्या हाताकडं सरकत असते. मग मला काहीतरी गोष्ट सांगावी लागते. लहान पोरांना मी मगर सांगतो. सोसायटीतल्या बायकांना सांगतो की लग्नात सासऱ्यानं अंगठी कबूल करून दिली नाही, तेव्हा रागाच्या भरात बोटंच परत केली. माझ्या वयाच्या माणसांसाठी ठेवणीतली गोष्ट कडबा कुट्टीची. मी मूळचा बीडकडचा. गावाकडं कडबा कापायचं मशीन होतं, लहानपणी त्यात हात गेला. यावर पुढं कुणी विचारत नाही. शहरातल्या माणसानं कडबा कुट्टी पाहिलेली नसते आणि गावाकडच्यानं असे हात बरेच पाहिलेले असतात.

बायकोला अर्थातच एवढं माहीत आहे की बोटं भोसरीच्या कंपनीत, पत्रा दाबणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये गेली. तिला मी तीस वर्षं सांगत आलो की प्रेसनं आपोआप दुसरा स्ट्रोक, म्हणजे ठोका, मारला. कंपनीच्या साहेबांनाही हेच सांगितलं होतं. हीसुद्धा गोष्टच होती. आणि मगरीची परवडली, कारण मगरीमुळं कुणाचं नुकसान झालं नाही.

मी रिटायर झाल्यावर आम्ही चिखलीतल्या या सोसायटीत राहायला आलो. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला आणि मी बादलीत बसलो. अक्षरशः बसलो, बायकोनं ओढून काढलं. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, की ज्येष्ठांचा तोल सुधारण्यासाठी सकाळी सहा वाजता गणपतीच्या स्टेजसमोर ताई ची या संथ चिनी व्यायामाचा क्लास. बायकोनं मला न विचारता अंगठा दाबून होकार कळवला.

शिकवणाऱ्या मॅडम बी विंगमध्ये राहतात. चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहेत. मशीनच्या ट्रायलसाठी कंपनीनं त्यांना सहा महिने चीनला पाठवलं होतं. तिथं कॅन्टीनमधल्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं सकाळी फॅक्टरीच्या मैदानात त्यांना हे शिकवलं. आचाऱ्याची भाषा मॅडमना येत नव्हती आणि मॅडमची त्याला. त्यामुळं तो त्यांचा हात धरून बोटं वाकवायचा, सरळ करायचा आणि बरोबर झालं की एक उकडलेलं अंडं द्यायचा. आम्हाला अंडं मिळत नव्हतं, पण बाकी पद्धत तीच होती.

आम्ही सहा जण होतो, सगळे कारखान्यांतून रिटायर झालेले. मला वाटलं होतं की हात वरखाली करायचे आणि घरी जाऊन चहा प्यायचा. पण मॅडमनी पहिले पंधरा दिवस फक्त तळवा शिकवला.

"तळवा सपाट नको, काका. मूठ पण नको. मधे किंचित खोलगट, कौलासारखा. बोटं सुटी ठेवा, पण मरगळलेली नकोत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात गोलाई राहू दे. आणि लक्ष कुठं? तळव्याच्या मधोमध. तिथं थोडी ऊब येईल, मग ती बोटांच्या टोकांपर्यंत जाऊ द्या."

माझ्या डाव्या हाताच्या बाबतीत ही ऊब कुठपर्यंत न्यायची, हे मी विचारणार होतो. पण डावा हात ट्रॅकपँटच्या खिशात होता. तो खिशातच असतो. बायको म्हणते की माझ्या सगळ्या पँटींचा डावा खिसा आधी फाटतो.

"काका, तुमचा डावा हात रजेवर आहे का?" मॅडम रोज विचारायच्या.

"मेडिकल लीव्ह," मी म्हणायचो.

मॅडमनी तो हात पाहिला होता, त्या हसून सोडून द्यायच्या. पण म्हणायच्या की यात एकच हात काम करतोय असं कधी नसतं. उजवा पुढं जातो तेव्हा डाव्यालाही काम असतं, आणि एक हात झोपला तर तोल जातो.

आता कारखान्यातली माणसं जे करायचं तेच झालं. आमच्यात क्वालिटीतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी उभ्या आयुष्यात नजरेवर विश्वास ठेवला नव्हता. 'किंचित खोलगट' म्हणजे किती, हे त्यांनी मॅडमना तीनदा विचारलं. पंधरवडा संपला त्या दिवशी ते ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे कापून घासलेले दोन तुकडे घेऊन आले. तळव्याचं गेज! एक 'गो' आणि एक 'नो-गो'. पहिला तुकडा तळव्यात नीट बसला पाहिजे, दुसरा बसता कामा नये. दोन्ही जमलं तर माल पास. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी हे बनवून आणलं होतं आणि कडासुद्धा घासल्या होत्या, म्हाताऱ्यांना लागू नये म्हणून.

आम्ही रांगेत उभे राहिलो. खरं सांगतो, एकालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. एक जण रिजेक्ट झाला, तो बाजूला जाऊन तळवा ताणून परत रांगेत आला. माझा उजवा पास झाला. मग त्यांनी सवयीनं डावाही मागितला. मी खिशातून काढून पुढं केला. ते गेज आणि नोंदीची वही हातात धरून थांबले, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "याला काय लिहू?"

"रीवर्क होण्यासारखा नाही," मी म्हटलं. "स्क्रॅप लिहा."

सगळे हसले. मॅडम आल्या तेव्हा त्यांनी गेज हातात घेतलं, स्वतःच्या तळव्याला लावून बघितलं, आणि त्याच नापास झाल्या.

त्याच दिवशी सातवा माणूस आला.

सत्तरीच्या पुढचा, पांढऱ्या मिशा, डोक्याला टोपी, उजवा खांदा जखडलेला. मूळचा चऱ्होलीचा, आता आमच्या सोसायटीत मुलाकडं राहायला आलेला. स्टेजकडं येताना वाटेत पाण्याच्या पंपाची खोली लागते. तिथं तो थांबला, चालू मोटरवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि वॉचमनला म्हणाला, "मागलं बेरिंग गेलंय हिचं. आठ दिस बी काढायची न्हाई."

गेजसाठी काढलेला डावा हात परत खिशात घालायचं मी विसरलो. असा तळवा ठेवून मशीनचं दुखणं सांगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला होता. मिशा तेव्हा काळ्या होत्या.

आता ती खरी गोष्ट सांगतो.

मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होतो आणि हात विजेसारखा चालायचा. प्रेसला दोन हिरवी बटणं असायची, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा जड रॅम खाली यायचा. म्हणजे स्ट्रोक पडताना दोन्ही हात बटणांवर, आणि खालच्या साच्यात, म्हणजे डायमध्ये, कुणाचाच हात नाही. फार शहाणपणाची योजना. पण तिच्यामुळं वेळ जातो. शेजारच्या प्रेसवाल्याशी माझी पैज लागली होती, की दिवसाचे नग कोण तासभर आधी संपवतो. हरणाऱ्यानं मिसळ खिलवायची. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला, खाली एक वॉशर ठेवला आणि डावं बटण दाबून बांधून टाकलं. आता उजव्या हातानं बटण मारायचं आणि डाव्यानं नग काढायचा. दुपारपर्यंत मी पुष्कळ पुढं होतो. मग उजवा हात डाव्याच्या आधी गेला.

दवाखान्यात साहेब चौकशीला आले. बटण बांधणं म्हणजे सरळ नोकरी जाणार, हे मला माहीत होतं. घरात सहा महिन्यांची मुलगी होती. मी म्हटलं, प्रेसनं डबल मारला. साहेबांनी लिहून घेतलं. आता प्रेस आपोआप डबल मारतो याचा अर्थ ब्रेक ढिला, आणि ब्रेक ढिला याचा अर्थ मेंटेनन्सवाल्यानं बघितलं नाही. आमच्या विभागाचा मेंटेनन्सवाला म्हणजे हा. त्याला चार्जशीट मिळालं, दोन महिने घरी बसवलं आणि नंतर चाकणच्या नव्या शेडला पाठवून दिलं. त्या वर्षी फोरमनच्या यादीत त्याचं नाव होतं, ते कापलं गेलं. पुढंही कधी आलं नाही. मला कंपनीनं स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं आणि मी तिथूनच हार घालून रिटायर झालो.

एकच गोष्ट तेव्हापासून कळली नव्हती. तो ट्यूबचा तुकडा बटणावर कुणाला कसा दिसला नाही? मी स्वतःची समजूत घातली होती की तुटून कुठंतरी उडाला असेल.

तर असा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी टक्कल पडून गोल झालो होतो, तेव्हा काटकुळा होतो. ओळखणं शक्य नाही, असं मी मनाशी म्हणतोय तोवर त्यानं हसून विचारलं, "पाव्हणं, बोटं कुठं सांडली?"

"कडबा कुट्टी," मी म्हटलं. "लहानपणी. गावाकडं."

"आरारा," तो म्हणाला. "कडबा कुट्टी लई वंगाळ."

मी सुटलो असं वाटलं. पण मॅडमनी त्या दिवसापासून जोड्या लावल्या, आणि मी कुणाकडं बघायच्या आत त्यानं माझ्यासमोर जागा धरली.

जोडीचा प्रकार असा. समोरासमोर उभं राहायचं, तळव्यासमोर तळवा, मधे वीतभर अंतर. एकानं हात हलवायचा, दुसऱ्यानं डोळे मिटून, समोरच्या तळव्याची ऊब ओळखून मागं जायचं. मॅडम म्हणायच्या की रोज केलं तर समोरच्याच्या मनात काय चाललंय तेही कळायला लागतं. मला त्या दिवसापासून घाम फुटायला लागला.

"काका, तुमच्या तळव्यातून केवढी ऊर्जा येतेय!" मॅडम माझा हात बघून म्हणाल्या. "ओला झालाय बघा."

ती ऊर्जा नव्हती, भीती होती. पण मी नम्रपणे मान हलवली. क्वालिटीवाल्यांनी वहीत नोंद केली.

आणि तो रोज, डोळे मिटून, तळवा समोर धरून, हळूच काहीतरी विचारायचा.

"कडबा कुट्टी हातानं फिरवायची व्हती का मोटरची?"

"हाताची."

दुसऱ्या दिवशी, "फिरवत कोन व्हतं?"

"चुलता."

"चुलत्याला मंग काय म्हनले घरचे?"

आता मला चुलत्याला काहीतरी शिक्षा द्यावी लागली. मी त्याला वर्षभर वेगळ्या पंगतीला बसवलं. चार दिवसांनी त्यानं विचारलं की चुलता अजून हाय का. मी घाईघाईत त्याला मारून टाकलं. पुढच्या आठवड्यात मीच गप्पांच्या ओघात म्हणालो की मागच्या दिवाळीला चुलत्याकडं जाऊन आलो. त्याची मिशी हलली. घरी आल्यावर मी बायकोच्या किराणाच्या यादीमागं चुलत्याचा जन्म, स्वभाव आणि मृत्यू लिहून ठेवला, पुन्हा चूक नको म्हणून. खोटं बोलायलासुद्धा मला शेवटी कागदावर पद्धत लागली, म्हणजे मी क्वालिटीवाल्यांना हसायला नको होतं.

मला सारखं वाटायचं की याला माहीत आहे. दुसऱ्या क्षणी वाटायचं, माहीत असतं तर यानं माझं नरडं धरलं असतं, मी असतो तर धरलं असतं. क्लास सोडायचाही विचार केला. पण माझा तोल खरंच सुधारला होता, आणि दुसरं म्हणजे, काय सांगू, मला तो माणूस आवडायला लागला होता. तो आपल्या घरचे शेंगदाणे आणायचा, भाजून मीठ लावलेले. माझ्या उजव्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "दुसरा बी काढा की." मी काढायचो नाही.

त्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. तळव्यात लक्ष ठेवून उभा राहिलो की खिशातल्या डाव्या हाताची करंगळी खाजायची. नसलेली करंगळी. डॉक्टर म्हणतात असं होतं, मेंदूला ती अजून आहे असंच वाटत असतं. तीस वर्षांत ती मला क्वचित आठवली होती. आता रोज सकाळी सहा वाजता ती हजर असायची, आणि तो मनुष्य समोर डोळे मिटून उभा असायचा. मला फार लाज वाटायची. भीती होती तोवर ठीक होतं, लाज सहन होत नव्हती.

पितृपक्षातली एक सकाळ. मॅडमच्या कंपनीत ऑडिट होतं, त्या आल्या नाहीत. बाकीचे तेवढ्याच कारणावर झोपून राहिले. स्टेजसमोर आम्ही दोघंच. तळवे समोर धरून उभे राहिलो. पंपाची मोटर चालू होती, नवीन बेअरिंग टाकलेली. त्यानं डोळे मिटले.

"पाव्हणं, येक राहिलं. त्या कडबा कुट्टीला गार्ड व्हता का वो?"

मी म्हटलं, "कडबा कुट्टी नव्हती."

"बरं."

"चुलताही नव्हता."

"त्यो तर मेल्यावर बी दिवाळीला घरी व्हता," तो म्हणाला. डोळे मिटलेलेच.

मग मी सगळं सांगितलं. पैज, मिसळ, ट्यूब, वॉशर, दवाखान्यातला साहेब, डबल स्ट्रोक. ब्रेक नीट होता, हेसुद्धा. "तुमचं फोरमनपद माझ्या खोटेपणामुळं गेलं," म्हणालो. त्यानं हात खाली घेतला नाही, म्हणून मीही घेतला नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "ट्यूब कंच्या रंगाची व्हती?"

"काळी."

"काळी. आन तिला लाल ठिगळ व्हतं, पंक्चरचं."

माझे हात खाली आले.

"तुला जीपमदी घातला," तो म्हणाला. इतके दिवस तो मला अहोजाहो करत होता. "समदी तिकडं पळाली. मी प्रेस बंद कराया ग्येलो, तर बटनावर ह्यो तुकडा. सायेब यायच्या आत सोडला आन खिशात घातला. म्हनलं, बोटं गेली ती गेली, पोराची नोकरी तरी ऱ्हाऊ दे."

"मग चार्जशीट मिळाल्यावर दाखवायचा ना तो! तुम्ही सुटला असता!"

"दावून काय? तू बाहेर ग्येला असतास, आन म्या लपिवला म्हनून मीबी." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "न्हाई रं, फोरमनचं येवढं न्हाई. मला वाटायचं, बरा झाला की यील. मला येकट्याला तरी सांगल. चाकनच्या बसमदी बसलो की वाटायचं, आज गेटवर हुबा असंल. लई दिस वाट बगितली तुजी."

मी स्टेजच्या पायरीवर बसलो. भोसरीतून चाकणला जायला तेव्हा तास लागत नव्हता. तीस वर्षांत मला तेवढा वेळ सापडला नव्हता.

तो शेजारी बसला आणि शेंगदाण्याची पुडी सोडली. "हितं आलो आन तुजा हात दिसला. म्हनलं, आता बगू, कडबा कुट्टी किती दिस चालीवतो. चार म्हयने! लई चिवट हायेस राव."

"माझं चुकलं," मी म्हटलं. "काय करू सांगा. भरून कसं द्यायचं हे?"

त्यानं शेंगदाणे चावत विचार केला. मग मिशी हलली.

"उद्यापासनं मला फोरमन म्हनायचं," तो म्हणाला. "समद्यांम्होरं."

त्या दिवशी मी घरी जाऊन आधी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "आणि मी इतकी वर्षं त्या प्रेसला शिव्या देत होते." संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एक डबा दिला, शंकरपाळ्यांचा, 'त्या भाऊजींना द्या' म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता सगळे जमले होते. मॅडमही होत्या. तो टोपी घालून पंपाच्या खोलीकडून येताना दिसला. मी दोन पावलं पुढं गेलो आणि मोठ्यानं म्हटलं, "गुड मॉर्निंग, फोरमनसाहेब."

"फोरमन?" क्वालिटीवाल्यांनी लगेच वही काढली. "हे फोरमन कधी होते?"

"व्हायचे राहिले," मी म्हटलं. "माझ्यामुळं." आणि सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या, पहिल्यापासून सांगितलं. मधे कुणी हसलं नाही. फक्त मिसळीपाशी एक जण म्हणाला, "मग मिसळ कुणी खाल्ली?" तेवढा प्रश्न मलाही कधी सुचला नव्हता.

सांगून झालं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तो जाऊन माझ्यासमोर आपल्या जागी उभा राहिला. जखडलेला खांदा कण्हत वर नेला आणि दोन्ही तळवे पुढं धरले. मी सवयीनं उजवा हात समोर केला.

"दोनी," फोरमन म्हणाला. "दोनी हात वर घे. मी बगतोय."

मी डावा हात खिशातून काढला.